क्षच्या जागी एक जून

मंगळवार, १४ मार्च २०३४. सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी कऱ्हाडच्या जनुकोपचार केंद्रात चार नंबरच्या खाटेवर हौसाबाई मोहिते वारल्या. उपचारानंतरचा एकविसावा दिवस. कारण, यकृत निकामी. कागदोपत्री वय अडुसष्ट वर्षं नऊ महिने.

साडेदहाला ही माहिती उज्ज्वला साळुंखेच्या टेबलावर आली. तिनं फाईल उघडली, ‘स्थिती’ या रकान्यात ‘मृत’ निवडलं आणि मूळ कागदपत्रं परत देण्यासाठी पाकीट घेतलं. ती केंद्रात मूल्यनोंद अधिकारी होती. निवृत्तीला पाच महिने उरले होते. तिच्या पदाचं हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिच्या कामाला ‘भरणी’ म्हणत आणि तिला भरणीच्या मॅडम.

कागद घ्यायला हौसाबाईंची सून रंजना आली. तिनं पाकिटातून सासूच्या शाळेचा दाखला काढून पाहिला आणि पुन्हा आत घातला नाही.

“मॅडम, एक विचारू का? रागावू नका.”

“विचारा ना.”

“यात आत्याबाई, आमच्या सासूबाई, मामंजींपेक्षा मोठ्या दिसतात. मामंजींचा जन्म मुंबईतल्या दवाखान्यातला, पासष्टच्या नोव्हेंबरातला. तो पक्का आहे. आणि घरात सगळे म्हणायचे, आत्याबाई त्यांच्याहून दीड वर्षानं धाकट्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होत्या.”

उज्ज्वलानं दाखला हातात घेतला. जन्मतारीख १ जून १९६५. खाली मुख्याध्यापकांची सही होती. ‘शेलार’मधल्या श-ची शेपटी खाली ओढून पुढच्या दोन अक्षरांखालून नेलेली. ती सही तिनं लहानपणी स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती, पालकांच्या रकान्यात.

“चुकून झालं असेल,” ती म्हणाली.

“असेल. आता काय त्याचं,” रंजना म्हणाली आणि पाकीट घेऊन गेली.

कोयनेच्या वरच्या खोऱ्यातल्या काही घराण्यांत हा आजार वारशानं येतो. आधी तळपायांना मुंग्या, मग पाय बधिर, मग हात. शेवटी श्वास आणि हृदय. यकृतात तयार होणारं एक प्रथिन चुकीच्या घडीचं निघतं आणि चेतातंतूंवर साचत राहतं. तीन वर्षांपूर्वी त्यावर उपचार निघाला. आतून रिकामा केलेला विषाणू वाहन म्हणून वापरायचा आणि त्याच्यातून यकृताला दुरुस्त सूचना पोचवायची. सुई एकच, आणि आयुष्यात एकदाच. एकदा आत आलेलं वाहन शरीर ओळखून ठेवतं आणि दुसऱ्या वेळी वेशीवरच मारून टाकतं. मात्रा कमी पडली तर संधी वाया गेली. जास्त झाली तर यकृत जातं.

ही मात्रा एक फलन ठरवतं. फलन म्हणजे गणितातलं यंत्र. एका बाजूनं किमती घालायच्या, दुसऱ्या बाजूनं एक आणि एकच उत्तर येतं. या फलनाला पाच किमती लागतात. वजन, यकृताची चाचणी, प्रथिनाची पातळी, रक्तातल्या घड्याळाचं वाचन आणि वय. रक्तातलं घड्याळ म्हणजे जनुकांवर वयाबरोबर उमटत जाणाऱ्या रासायनिक खुणा. त्या मोजल्या की शरीर किती वर्षांचं झालं ते कळतं. पण घड्याळात किती वाजलेत एवढं पाहून ते पुढे पळतंय की मागे पडलंय हे समजत नाही. त्यासाठी खरी वेळ माहीत असावी लागते. म्हणून पाचवी किंमत, वय. घड्याळ खऱ्या वयाच्या जितकं पुढे, तितकं यकृत थकलेलं आणि तितकी मात्रा कमी.

पहिल्या चार किमती यंत्रं मोजतात. पाचवी कागदावरून येते, आणि ती उज्ज्वला भरते. शेवटी एका चौकटीत खूण करावी लागते. ‘घातलेल्या सर्व किमती कागदोपत्री सिद्ध आहेत.’ आजवर तिनं एकशे त्रेचाळीस वेळा ती खूण केली होती.

महाराष्ट्रात एका ठरावीक वयाच्या माणसांत एक जूनला जन्मलेले लोक मोजता येणार नाहीत इतके आहेत. सरकारी कचेऱ्यांत एकतीस मेला निरोपसमारंभांची रांग लागते ती त्यामुळेच. जन्माची नोंद नाही, आईला तिथी आठवते पण साल नाही, शाळा जूनमध्ये उघडते. गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, डोक्यावरून उजवा हात पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. यावर सगळेच हसतात. उज्ज्वलाही हसत आली होती.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिनं एकशे त्रेचाळीस नावं जन्मतारखेनुसार लावली. एक जूनचे एकतीस निघाले. ज्यांचं यकृत बिघडलं असे एकंदर नऊ. त्या नवांपैकी सात एक जूनचे. तिनं पुन्हा मोजलं. सातच.

डबा तसाच बंद करून ती केंद्रप्रमुख डॉ. नाईकनवऱ्यांकडे गेली. डॉक्टर अडतीस वर्षांचे होते. त्यांचा जन्म पुण्यातल्या प्रसूतिगृहात सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी झाला होता आणि तसा कागद त्यांच्याकडे होता.

“मॅडम, फलन सहा देशांत तपासून झालंय.”

“फलन चुकलंय असं मी म्हणत नाही, सर. आपण त्यात काय घालतो, ते म्हणतेय.”

डॉक्टरांनी यादी वाचली. बराच वेळ वाचली.

“हे वरती कळवतो मी. आजच. पण समिती बसणार, अहवाल येणार. आठ महिने धरा.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत कागद. मी अंदाज घालायला लागलो तर उद्या प्रत्येक जण आपापला अंदाज घेऊन येईल. कागद बदलला तर बदललेला घालू. कलम अकरा आहे ना, दाखला देणारा मुख्याध्यापक हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र चालतं.” ते जरा हसले. “आता त्यातलं हयात कोण असणार म्हणा!”

“एक आहेत,” उज्ज्वला म्हणाली.

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी समोरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. “तुमच्या मिस्टरांचा नंबर चोवीसला ना? शुक्रवारी?”

“हो.”

“त्यांच्यासाठी तयार केलेली औषधाची कुपी महिनाअखेर बाद होते. नंतरचा नंबर डिसेंबरात.” त्यांनी तक्त्यावरचं बोट उचललं. “डिसेंबरपर्यंत त्यांचा श्वास... ते तुम्हाला मी सांगायला नको.”

जयवंत साळुंखेची जन्मतारीख १ जून १९६६ होती. दाखल्यावर सही तीच.

स्वतःच्या नवऱ्याची भरणी स्वतः करू नये, असा नियम नव्हता. करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कागदावरचा आकडा पडद्यावर उतरवायचा, यात नातं कुठून येणार?

घरी आली तेव्हा जयवंत व्हरांड्यात बसला होता. चौतीस वर्षं त्यानं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. पुढ्यात जुन्या नटांचा डबा होता. डोळे मिटून तो एकेक नट चिमटीत धरत होता. एकेकाळी बारा नंबरचा कुठला आणि तेराचा कुठला हे त्याला नुसत्या बोटांनी कळायचं.

“तेरा,” तो म्हणाला.

“दहाचा आहे.”

“मग दहाचा.” त्यानं नट डब्यात टाकला. “हौसा गेली म्हणे. आमच्या शाळेत माझ्या पुढं बसायची. वेणी ओढली की गुरुजींकडं जायची.”

तिनं त्याला सगळं सांगितलं. यादी, सातजण, दाखल्यावरची सही. आपण काही सांगतोय असं तिला वाटत नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचून दाखवावा तसा तिचा आवाज लागला होता. हौसाबाईंची भरणी तिनंच केली होती, हेही तिनं त्याच आवाजात सांगितलं.

जयवंतनं ऐकून घेतलं. “म्हणजे मी कागदावरच म्हातारा होय? आधी कळलं असतं तर एसटीत आणखी एक-दोन वर्षं खुर्ची उबवली असती.”

“अहो, चेष्टा नाही ही.”

“अगं, मग रडू का? रडलो तरी गालावर पाणी लागल्याचं मला कळणार न्हाई.”

उज्ज्वलाचे वडील, दिनकर शेलार, एकोणनव्वद वर्षांचे होते आणि लेकीकडेच राहत. कऱ्हाडात त्यांना अजून सगळे गुरुजी म्हणत. जावईही गुरुजीच म्हणे, कारण तो आधी विद्यार्थी होता. सहासष्ट साली, एकवीस वर्षांचे असताना, ते शिरळवाडीच्या दोनशिक्षकी शाळेवर रुजू झाले आणि चौदा वर्षं तिथं राहिले.

रविवारी सकाळी, हिशेब कसला ते न सांगता, उज्ज्वलानं आधी नणंदेला फोन लावला. इंदाक्का जयवंतहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. ती अजून शिरळवाडीतच होती.

“आक्का, भूकंप झाला तेव्हा हे केवढे होते हो?”

“कोण, जया? आगं, पाळण्यात हुता की! पहाटंचं सगळं गदागदा हलाय लागलं, भांडी पडली, आन् म्याच त्याला पाळण्यातनं उचाललं आन् भाईर पळाली. आईच्या हातात कंदील हुता.”

“आणि जन्म कधीचा?”

“गौरी-गणपतीतला. त्या साली सोयर आलं म्हनून गौरी आमच्यात बसल्याच न्हाईत, चुलत्याकडं बसवल्या. आईला लई वाईट वाटल्यालं. का गं? वाढदिवस करतीस का काय आता त्येचा?”

भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला. त्याच्या आधीचे गौरी-गणपती सप्टेंबरातले. उज्ज्वलानं वहीत लिहिलं, सप्टेंबर १९६७.

मग ती वडिलांच्या खोलीत गेली. ऐकायचं यंत्र त्यांच्या कानात घातलं आणि तोच प्रश्न विचारला.

“भूकंपात?” गुरुजी लगेच म्हणाले. “जन्मलेच नव्हते जयवंतराव. भूकंपानंतर चार दिवस सगळं गाव शाळेच्या पटांगणात झोपत होतं. तुझ्या सासूबाई गोधडी पांघरून कडुलिंबाखाली बसायच्या, सहावा-सातवा महिना असेल. होळीच्या सुमारास बारसं झालं. बारशाच्या घुगऱ्या शाळेत आल्या होत्या. मी खाल्ल्यात त्या.”

“मग आप्पा, एक जून सहासष्ट का लिहिलंत?”

गुरुजींनी यंत्र कानात नीट बसवलं. ऐकू आलं होतं, तरी.

“पट,” ते म्हणाले. “बहात्तरचा जून. चाळीसचा पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती. मग चार वर्ग मी एकटा. माझ्याकडे तेहतीस होते. सात कमी पडत होते. मधल्या सुट्टीत दूध मिळायचं, त्यासाठी बारकी पोरं दारात येऊन बसायचीच. त्यांना आत घेतलं आणि सहा वर्षांची केली. त्याच्या आदल्या वर्षीही तीन केली होती. जागा राहिली. शाळाही राहिली.” मग त्यांनी विचारलं, “कुणी तक्रार केलीय का?”

“नाही,” उज्ज्वला म्हणाली. “हौसाबाई मोहिते गेल्या.”

जेवणाच्या टेबलावर तिघं बसले. उज्ज्वलानं मोठं फलन कागदावर मांडायचा प्रयत्न केला नाही. जयवंतच्या पहिल्या चार किमती मोजून झाल्या होत्या. त्या जागेवर ठेवल्या की पाचांतली एकच किंमत, वय, उरत होती. उरलेलं तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

घड्याळ : ६८.९
फरक = ६८.९ − क्ष
मात्रा = ५.६ − ०.४ × (फरकाचा वर्ग)

“क्ष म्हणजे मी,” जयवंत म्हणाला.

“तुमचं वय.”

“तेच ते.”

गुरुजींनी पेन्सिल मागितली. त्यांचे आकडे अजून सरळ येत होते. फळ्यावर शिकवल्यासारखं ते मोठ्यानं बोलत गेले.

“क्षच्या जागी दाखल्यावरचं वय घालू. सदुसष्ट पूर्णांक आठ. फरक एक पूर्णांक एक. वर्ग एक पूर्णांक एकवीस. गुणिले शून्य पूर्णांक चार... पाच पूर्णांक सहातून वजा. उत्तर पाच पूर्णांक बारा. आता इंदूचं घालू. सहासष्ट पूर्णांक पाच. फरक दोन पूर्णांक चार, वर्ग पाच पूर्णांक शहात्तर. उत्तर तीन पूर्णांक तीस. आता माझं. सहासष्ट पूर्ण. फरक दोन पूर्णांक नऊ, वर्ग आठ पूर्णांक एक्केचाळीस. उत्तर...” त्यांनी वजाबाकी केली, “दोन पूर्णांक चोवीस.”

तीन उत्तरं एकाखाली एक होती. गुरुजींनी सवयीनं प्रत्येकाखाली दोन रेघा मारल्या.

“बघ, उज्ज्वला, फलनाचा हाच गुण. ते विचारत नाही, तू हे कुठून आणलंस. दिलं ते घेतं आणि उत्तर देतं.” मग त्यांनी विचारलं, “यातलं काय आलं तर काय होतं?”

उज्ज्वलानं सांगितलं. खरं वय इंदाक्का म्हणते ते असेल आणि कागदावरून पाच पूर्णांक बारा मात्रा गेली, तर हौसाबाईंचं झालं ते. तीन पूर्णांक तीसला उपचार मिळतो. आणि अडीचच्या खाली उत्तर आलं, तर केंद्र उपचार देतच नाही. त्या यकृताला सोसेल एवढ्या मात्रेनं काही साधत नाही, असं नियमात लिहिलेलं आहे.

“म्हणजे माझं खरं ठरलं तर काही नाही,” गुरुजी म्हणाले.

“काही नाही.”

जयवंत कॅलेंडर उलटं करून पुढची बाजू बघत होता. “मंगळवारी पाडवा आहे,” तो म्हणाला. “गुढीची काठी माळ्यावर असंल. मला धरता येणार न्हाई, तूच काढ.”

गुरुजींनी ऐकायचं यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं.

“इंदूला जास्त आठवत असणार,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज लागतो तसा मोठा लागला होता. “ती घरातली. मी नवखा होतो तिथं. सहा-सात महिन्यांची गरोदर बाई काय, आणि बाळंतीण काय, गोधडीत मला काय कळणार? तेवीस वर्षांचा पोरगा मी.”

“आप्पा, तुम्हाला घुगऱ्या आठवतात.”

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. “कसल्या तरी असतील. गावात बारशी होतच असतात.”

सोमवारी, दुसऱ्या दिवशी पाडव्याची सुट्टी म्हणून नोटरीकडे गर्दी होती. गुरुजींना खुर्ची दिली. ‘मी, दिनकर रामचंद्र शेलार, तत्कालीन मुख्याध्यापक, शपथेवर लिहून देतो की, सदर विद्यार्थ्याची खरी जन्मतारीख’ या ओळीनंतर जागा कोरी होती. गुरुजींनी पेन उघडलं.

“गणपतीतली म्हणजे तारीख कुठली घालू?”

“दहा सप्टेंबर,” उज्ज्वला म्हणाली. “पंधरवडा इकडेतिकडे झाला तरी उत्तर फारसं हलत नाही. बघितलंय मी.”

“आधी उत्तर बघून मग क्ष ठरवायचा, याला आम्ही वर्गात कॉपी म्हणायचो,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तारीख लिहिली. सही केली. श-ची शेपटी आता पहिल्या अक्षराखालीच संपत होती.

शुक्रवारी, २४ तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उज्ज्वलानं भरणी केली. चार किमती आधीच आलेल्या होत्या. पाचव्या रकान्यात तिनं १० सप्टेंबर १९६७ घातलं, प्रतिज्ञापत्र जोडलं. चौकट समोर आली. ‘घातलेल्या सर्व किमती कागदोपत्री सिद्ध आहेत.’ वाक्य खरं होतं. तिनं खूण केली. उत्तर ३.३० आलं. काही वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. काही वाटलं नाही. मागं रांगेत पुढची फाईल होती.

सुई साडेअकराला झाली. “टोचली का?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठं?” जयवंत म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुजींच्या दारात माणसं यायला लागली. केंद्रातली गोष्ट बाहेर कशी गेली ते कळलं नाही. नोटरीकडे त्या दिवशी शिरळवाडीचे दोघे होते एवढं खरं. बुधवारपर्यंत अकरा जण आले. सगळे साठीच्या पुढचे, कुणाच्या पायांना मुंग्या, कुणाचे हात गेलेले, आणि गुरुजींपुढे सगळे वर्गात उभे राहावेत तसे उभे.

“गुरुजी, माझं पण एक जून हाय.”

“तुझं नाव काय? मारुती ना? तू तिसरीत दोनदा बसलास.”

“तेवढं राहू द्या की आता. तारीख लिहून द्या.”

“कुठली लिहू?”

मारुती जरा जवळ आला. मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या मुलानं मोबाईलवर फलन मांडलं होतं आणि उलट्या बाजूनं सोडवलं होतं. कुठलं वय घातलं म्हणजे उत्तर अडीचच्या वर राहतं आणि धोका नको म्हणून चारच्या पुढे जात नाही, त्या दोन तारखा त्यावर होत्या.

“यांच्या मधली कंची बी चालंल,” मारुती म्हणाला.

गुरुजींनी कागद वाचला. त्यांनी तो मारुतीला परत दिला, मग पुन्हा मागून घेतला. “तुझी आई काय म्हणायची? कधी झालास तू?”

“आई जाऊन तीस वर्षं झाली. आठवून कोण सांगणार? तुमीच सांगा.”

त्या अकरांपैकी चौघांना गुरुजींनी लिहून दिलं. मारुतीला दिलं की नाही ते उज्ज्वलाला त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. केंद्रात येईल तेव्हा तो कागद तिच्याच टेबलावर येणार होता.

सोमवारी, ३ एप्रिलला, जयवंतचा दहावा दिवस. यकृताची चाचणी सत्तेचाळीस आली. चाळीसच्या आत असावी लागते. पण दहाव्या दिवशी बहुतेकांची शंभरी ओलांडते. हौसाबाईंची दोनशे दहा होती. डॉक्टर नाईकनवरे कागद घेऊन स्वतः भरणीच्या खोलीत आले.

“मॅडम, इतकं शांत यकृत मी पाहिलं नाही. पेढे द्या आता.”

उज्ज्वलानं पेढे आणले. गुरुजींनी अर्धा खाल्ला. कितीतरी दिवसांनी ते आपणहून रेडिओ लावून बसले. जयवंतनं पेढा तोंडात टाकला, आणि नटांचा डबा मागवला. बारा आणि तेरा अजून कळत नव्हते. कळायला तीन महिने लागतात, असं सगळ्यांनाच सांगितलेलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता घरी इंदाक्काचा फोन आला. भावाचं बरं चाललंय हे तिला कळलं होतं. ती खुशीत होती, आणि खुशीत असली की ती जुनं काढायची.

“त्येला सांग, माझा खांदा अजून दाखीवते म्हनावं. भूकंपाच्या पहाटं उचाललं तर असा चावला गं, रगात काढलं! सहा दात हुते मेल्याला. गोधडीत गुंडाळलं तर गोधडीतनं उतरून पळाय बघत हुता.”

उज्ज्वलाच्या हातात पेन होतं.

“आक्का, दात होते?”

“हुते म्हंजे? भाकरी खायचा की.”

“तीन महिन्यांच्या पोराला?”

“तीन म्हैन्यांचा कुठला? वर्साच्या वरचा हुता. म्हनलं न्हवतं का म्या, गौरी-गणपतीतला. त्याच्या आदल्या सालचे गणपती. भूकंपाच्या साली गौरी बसल्या हुत्या की आमच्यात, त्या साली खंड पडला न्हाई म्हनून आई सांगायची.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “आई परत पोटुशी हुती तवा. जयाच्या पाठीवरचं. हुळीला झालं, बारसं बी केलं. म्हैनाभर हुतं. त्येला न्हाई म्हाईत, सांगू नगंस.”

फोन ठेवल्यावर उज्ज्वलानं कॅलेंडर उलटं केलं. वडिलांच्या तीन उत्तरांखाली जागा होती. सप्टेंबर १९६६. दाखल्यावरची तारीख आणि ही, तीन महिन्यांचा फरक. शाळेत घातलं तेव्हा जयवंत पावणेसहा वर्षांचा होता. गुरुजींनी वाढवलेल्या सातांत तो नव्हता, किंवा असलाच तर नावापुरता. कोणत्या गणपतीतला, हे तिनं विचारलं नव्हतं. सगळ्या नोकरीत नुसत्या आठवणीवरून घातलेली ही तिची पहिली किंमत होती.

वय सदुसष्ट पूर्णांक पाच. फरक एक पूर्णांक चार. वर्ग एक पूर्णांक शहाण्णव. तिनं वजाबाकी दोनदा केली. उत्तर चार पूर्णांक ब्याऐंशी. गेलेली मात्रा तीन पूर्णांक तीस.

यकृत शांत का आहे, याला आता दोन कारणं होती. मात्रा नेमकी पडली, किंवा कमी पडली.

शेजारच्या खोलीत रेडिओ चालू होता. उज्ज्वलानं चौथ्या उत्तराखाली रेघा मारल्या नाहीत. कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, पुढची बाजू वर करून.

रात्री तिनं डॉक्टरांना फोन करून चार वाक्यांत सांगितलं. “आक्कांना नक्की आठवतंय?” त्यांनी विचारलं.

“गेल्या वेळीही नक्की आठवत होतं, सर.”

दुरुस्त सूचना यकृतापर्यंत पुरेशी पोचली की नाही, हे बाराव्या दिवशी रक्तातल्या त्या प्रथिनावरून पहिल्यांदा कळतं. पातळी निम्म्याच्या खाली उतरली तर पोचली.

बुधवारी, ५ एप्रिलला, सकाळी आठ वाजता जयवंतचं रक्त घेतलं. घरातून निघताना गुरुजींनी त्याला विचारलं, “कसं आहे, जयवंतराव?” आणि तो म्हणाला, “काही कळत न्हाई, गुरुजी.” नमुना साडेआठला पुण्याला रवाना झाला. नऊ वाजता भरणीच्या खिडकीपाशी मारुती उभा होता, हातात नोटरीचा शिक्का असलेलं पाकीट घेऊन. उज्ज्वलानं ते घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

दुपारी दोन वाजेपर्यंत पुण्याहून निकाल आलेला नव्हता. पाकीट अजून उघडलेलं नव्हतं.